डी व्हिटॅमिन घेतलं की डायबेटिस टळतो का?

मागच्या महिन्यात एका वाचकाला उत्तर देताना मी ओघात लिहून गेले होते की शुगर बॉर्डरवर असेल तर नुसत्या डी व्हिटॅमिनच्या गोळीवर विसंबू नका, आधी चालायला लागा. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की यावेळी दुसरा विषय घेताच आला नाही. कुणी रिपोर्टचे फोटो पाठवलेत, कुणी व्हॉट्सॅपवर फिरणारे व्हिडिओ, आणि एक पत्र तर असं होतं की ते वाचून मी अंकाची वाट न बघता सरळ फोनच लावला. त्यातली काही इथे घेतेय. नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. वय ४१, नाशिकला बँकेत आहे. ऑफिसच्या चेकअपमधे एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ६.१ आलं आणि व्हिटॅमिन डी ११. वडिलांना डायबेटिस होता त्यामुळे टेन्शन आलंय. मेव्हणा म्हणतो डी कमी आहे म्हणूनच शुगर वाढलीय, डी भरून काढलं की शुगर आपोआप खाली येईल. गोळ्या सुरू केल्यात. बरोबर करतोय ना?

उत्तर : दादा, गोळ्या सुरू केल्यात ते बरोबरच केलंत, ११ म्हणजे खरंच कमी आहे आणि हाडांसाठी, स्नायूंसाठी ते भरून काढायलाच हवं. पण "डी कमी म्हणून शुगर वाढली" हे मेव्हण्यांना वाटतं तितकं सरळ नाही, आणि मला ते जरा सविस्तर सांगायचंय कारण दहाबारा वर्षांपूर्वी मी स्वतः पेशंटना जवळपास हेच सांगत होते.

ही कल्पना आली कुठून ते आधी बघा. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या ज्या बीटा पेशी असतात त्यांच्यावर डी व्हिटॅमिनला धरून ठेवणारे रिसेप्टर असतात. १९८० मधे उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला, त्यात डी नसलेल्या उंदरांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन कमी निघत होतं. त्यानंतर माणसांची मोठमोठी सर्वेक्षणं झाली आणि बहुतेकांत तेच दिसलं, ज्यांचं डी कमी त्यांना पुढे डायबेटिस जास्त. म्हणजे प्रयोगशाळा पण तेच म्हणतेय आणि सर्वेक्षण पण तेच म्हणतंय, मग आम्हा डॉक्टरांना वाटलं झालं, सापडलं, एवढी स्वस्त गोळी आणि एवढा मोठा आजार टळणार. मी तेव्हा बॉर्डरवर असलेल्या कितीतरी जणांना म्हणाले असेन की डी वाढू दे मग बघू. त्यातल्या काहींची ती एकदोन वर्षं नुसती गोळी घेण्यात गेली, चालणं राहिलं, वजन तसंच राहिलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

सर्वेक्षणात एक गोम असते. डी व्हिटॅमिन चरबीत विरघळतं, त्यामुळे पोट सुटलेलं असलं की ते चरबीत जाऊन बसतं आणि रक्तात कमी दिसतं. जो माणूस दिवसभर खुर्चीत, गाडीत, घरात असतो त्याला ऊन पण मिळत नाही आणि हालचाल पण होत नाही. मग त्याला डायबेटिस झाला तर तो डी कमी म्हणून झाला, का पोटामुळे झाला, का बसून बसून झाला? हे नुसतं सर्वेक्षण करून कळत नाही. त्यासाठी अर्ध्या लोकांना खरी गोळी आणि अर्ध्यांना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी देऊन काही वर्षं थांबावं लागतं.

तसं केलं पण. अमेरिकेत प्रीडायबेटिस असलेल्या, म्हणजे शुगर बॉर्डरवर असलेल्या, २४२३ जणांवर झालं, २०१९ मधे त्याचा निकाल आला. रोज ४००० युनिट डी, सरासरी अडीच वर्षं. गोळीवाल्या गटात २९३ जणांना डायबेटिस झाला आणि खोट्या गोळीच्या गटात ३२३ जणांना. म्हणजे शंभरात साधारण २४ आणि २७. फरक इतका लहान की तो योगायोगानेही पडू शकतो. नॉर्वेत ट्रॉम्सोला पाचशेवर लोकांना आठवड्याला २०,००० युनिट पाच वर्षं दिलं, फरक नाही. जपानमधे डी सारखंच काम करणारं एक औषध साडेबाराशे लोकांना देऊन बघितलं, तिथेही ठाम फरक नाही. मग २०२३ मधे या तिन्ही अभ्यासांतल्या सगळ्या लोकांची माहिती एकत्र करून गणित मांडलं तेव्हा थोडासा फायदा दिसला, धोका १५ टक्क्यांनी कमी. ऐकायला बरं वाटतं, पण प्रत्यक्षात तीन वर्षं तीसएक जणांनी गोळी घ्यावी तेव्हा त्यातल्या एकाचा डायबेटिस टळतो असा त्याचा अर्थ.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुमचं डी ११ आहे. अमेरिकेच्या त्या अभ्यासात बहुतेकांचं डी मुळातच बरं होतं, २० च्या वर. ज्यांचं १२ च्या खाली होतं असे फक्त १०३ जण निघाले आणि त्यांच्यात गोळीचा फायदा बराच जास्त दिसला. पण १०३ लोक म्हणजे फार थोडे, आणि हा हिशोब अभ्यास संपल्यावर मागाहून केलेला, त्यामुळे त्याच्यावर पैज लावता येत नाही. तरी माझं मत विचाराल तर डी तुम्ही भरून काढाच, त्यात शुगरला थोडी मदत झाली तर चांगलंच आहे.

पण आता दुसरे आकडे बघा. अमेरिकेतच २००२ मधे झालेल्या अभ्यासात वजन ७ टक्के कमी करायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा असं ठरवून लोकांच्या मागे लागले, धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. चेन्नईला आपल्याच लोकांवर झालेला अभ्यास २००६ मधे आला. त्यात ज्यांना नेहमीचा सल्ला देऊन सोडून दिलं त्यांच्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला, आणि ज्यांच्या खाण्यापिण्याकडे, चालण्याकडे नीट लक्ष दिलं त्यांच्यात ३९ टक्के. सहासात जणांमागे एकजण वाचला. आणि पंचावन्न टक्के हा आकडा पुन्हा एकदा वाचा, आपल्याकडे बॉर्डरवरचा माणूस किती पटकन पलीकडे जातो ते त्यावरून कळतं. म्हणून तुमच्या ६.१ ला मी "थोडीशीच वाढलीय" म्हणणार नाही. रोज तीस मिनिटं भरभर चालणं, रात्रीचं जेवण लवकर, भात-पोळी आहे त्यातली एक मूद एक पोळी कमी, त्याजागी उसळ, कोशिंबीर, ताक. कंबर मोजून लिहून ठेवा. आणि तीन महिन्यांनी एचबीएवनसी परत करा. सोबत हिमोग्लोबिन पण करा, कारण लोह कमी असलं तर एचबीएवनसी उगाच जास्त दिसू शकतं.

प्रश्न : मॅडम, मी कोल्हापूरहून लिहितेय. आईला (वय ६८) गुडघेदुखीसाठी डी व्हिटॅमिनची पावडर, ६०,००० ची, दिली होती. आम्ही रोज एक दुधातून देत होतो, दीड महिना झाला. आता तिला सारखी तहान लागते, रात्री पाचसहा वेळा लघवीला उठते, जेवण जात नाही, पोट साफ होत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या शुगर झाली असणार. पण घरच्या मशीनवर शुगर ११८ आली. मग हे काय असेल?

उत्तर : हेच ते पत्र ज्याच्यावर मी फोन केला. ताईंची परवानगी घेऊन छापतेय कारण अशी चूक कुणाच्याही घरी होऊ शकते.

६०,००० चं पाकीट आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं, बहुतेक वेळा आठ आठवडे, आणि मग महिन्यातून एकदा किंवा डॉक्टर सांगतील तसं. रोज एक याप्रमाणे पंचेचाळीस दिवस म्हणजे २७ लाख युनिट झाले. वर ज्या अभ्यासाचं सांगितलं त्यात रोज ४००० देत होते, त्या हिशोबाने ही जवळजवळ पावणेदोन वर्षांची मात्रा आजींच्या पोटात दीड महिन्यात गेली. डी फार वाढलं की रक्तातलं कॅल्शियम वाढतं, आणि कॅल्शियम वाढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, त्यामुळे लघवी सारखी होते आणि मग तहान लागते. शुगर वाढल्यावर होतं अगदी तसंच दिसतं. त्यात भूक जाणं, मळमळ, बद्धकोष्ठता, ग्लानी आणि फारच वाढलं तर बरळणं, किडनीवर परिणाम.

फोनवर मी पावडर आणि कॅल्शियमची गोळी दोन्ही तिथल्या तिथे बंद करायला आणि त्याच दिवशी कॅल्शियम आणि किडनीसाठी क्रिएटिनिन तपासायला सांगितलं. कॅल्शियम १३ च्या वर आलं, साडेदहापर्यंत असायला हवं. चार दिवस ॲडमिट होत्या, सलाईन आणि औषधं दिली, आता घरी आहेत आणि जेवायला लागल्यात. पण डी शरीरातून हळूहळू जातं, त्यामुळे पुढचे काही महिने मधूनमधून कॅल्शियम बघावं लागणार.

औषधाच्या चिठ्ठीवर "आठवड्यातून एकदा" असं लिहिलेलं होतं म्हणे, पण ते वाचता आलं नाही आणि दुकानात पाकिटं एकदम दिली गेली, कुणी सांगितलं नाही. माझी सगळ्यांना कळकळीची विनंती आहे, पाकीट घरी आणलं की त्याच्यावर पेनाने वार लिहा. रविवारचं पाकीट, पुढच्या रविवारचं पाकीट. आणि डॉक्टरमंडळी हा कॉलम वाचत असाल तर तुम्हालाही विनंती, मराठीत मोठ्या अक्षरात लिहून द्या. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे, किडनीचा आजार आहे, ब्लडप्रेशरसाठी थायाझाइड जातीची लघवीची गोळी चालू आहे किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन चालू आहे त्यांनी तर मनाने डी घेऊच नये.

एकदम मोठा डोस दिला की जास्त फायदा हे पण खरं नाही. ऑस्ट्रेलियात म्हाताऱ्या बायकांना वर्षातून एकदाच ५ लाख युनिट देऊन बघितले होते, २०१० मधे निकाल आला, तर त्यांच्यात पडण्याचं आणि हाडं मोडण्याचं प्रमाण उलट वाढलं.

प्रश्न : मी ठाण्याला अकराव्या मजल्यावर राहते, वय ५२. रोज सकाळी सात वाजता खिडकीत बसून कोवळं ऊन घेते, अर्धा तास, काच लावलेली असते कारण धूळ येते. दोन वर्षं हे करूनही डी १४ च आहे. माझ्या शरीरात काही दोष आहे का? आणि उन्हाने शुगर कमी राहते असं वाचलं ते खरं का?

उत्तर : ताई, तुमच्यात काहीही दोष नाही, फक्त वेळ आणि काच या दोन गोष्टी आड येतायत. कातडीत डी तयार करायला उन्हातले अतिनील बी किरण लागतात, आणि ते साध्या खिडकीच्या काचेतून आत येतच नाहीत. ऊब येते, उजेड येतो, पण डी साठी जे लागतं ते काचेबाहेरच राहतं. आणि सकाळी सातला सूर्य इतका खाली असतो की ते किरण वातावरणाच्या जाड थरातून येता येता बहुतेक सगळे शोषले जातात. कोवळं ऊन चांगलं असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकत आलोय, बाळाला तेल लावून सकाळच्या उन्हात धरतात, त्यात बाळाला ऊब मिळते, आजीला बरं वाटतं, सगळं छान आहे, पण डी त्यातून फारसं मिळत नाही.

यासाठी सोपी खूण आहे, आपली सावली. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान दिसली की समजायचं आता डी चांगलं तयार होईल, लांब असेल तर नाही. तुमच्याकडे ठाण्याला एप्रिलमधे सकाळी साडेनऊ-पावणेदहालाच सावली छोटी होते, पण डिसेंबरात त्यासाठी साडेअकरा वाजायला लागतात आणि दीडनंतर परत लांब. हात कोपरापर्यंत, चेहरा, पाय थोडे उघडे ठेवून वीसतीस मिनिटं, आठवड्यातून चारपाच दिवस. आपली कातडी सावळी असल्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याला वेळ जास्त लागतो, कातडीचं रंगद्रव्य, मेलॅनिन, ते किरण अडवतं. तासन्‌तास बसून जास्त डी मिळत नाही, एका मर्यादेनंतर कातडीच जादा झालेलं मोडून टाकते, म्हणून तर उन्हामुळे कधी डी चं विष होत नाही. एप्रिल-मे च्या रणरणत्या दुपारी मात्र अजिबात जाऊ नका, तेव्हा दहाच्या आत उरका, डोक्यावर पदर किंवा टोपी, आणि पाणी पिऊन. गच्चीवर जाता येत असेल तर कपडे वाळत घालायची वेळ अकराची करून टाका, कित्येकींचं तेवढ्यानेही काम होतं.

शुगरचं म्हणाल तर स्वीडनमधे जवळपास ३० हजार बायकांना अकरा वर्षं बघितलं होतं, ज्या मुद्दाम ऊन घेत होत्या त्यांना डायबेटिस ३० टक्क्यांनी कमी झाला. पण ज्या ऊन घ्यायला बाहेर पडतात त्या चालतात पण जास्त, हा पेच तिथेही आहेच, आणि स्वीडनचं ऊन वेगळं, आपलं वेगळं. म्हणून तुम्ही उन्हात बसण्यापेक्षा उन्हात चाला, म्हणजे फायदा कशामुळे झाला याची काळजीच नको.

प्रश्न : मी बार्शीकडचा शेतकरी, वय ५५. जन्मभर उन्हात काम केलं, अंगात चरबी नाही, तरी मला शुगर निघाली, २१०. मुलगा म्हणतो डी व्हिटॅमिन तपासा. उन्हात राहणाऱ्याला पण डायबेटिस होतो का?

उत्तर : होतो दादा. तुमचं डी बहुतेक चांगलंच असेल, त्या टेस्टवर पैसे घालवू नका, त्यापेक्षा डोळ्याचा पडदा, लघवीतलं प्रोटीन आणि पाय तपासून घ्या, कारण शुगर निघण्याआधी कधीपासून वाढलेली होती ते आपल्याला माहीत नाही.

चरबी नाही असं तुम्हाला वाटतं, आणि हे आपल्याकडे फार जणांना वाटतं. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनची साडेतीन किलोची. पण वजन एवढं कमी असूनही आपल्या बाळांच्या अंगावरची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती, कमी होते ते स्नायू. म्हणजे दिसायला बारीक आणि आतून चरबी, ही आपली ठेवण आईच्या पोटातूनच येते. तीच पुढे पोटात, लिव्हरमधे साठते. बारीक माणसाला शुगर होते ती अशी. त्यात घराण्यात असेल तर आणखी. आणि नुसत्या उन्हाने डायबेटिस टळत असता तर गोव्यात तो नसताच, पण २०२३ मधे आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) देशभरच्या पाहणीत सगळ्यात जास्त डायबेटिस गोव्यातच निघाला, २६.४ टक्के.

आणखी एक विचारते. शेतात आता पूर्वीएवढं अंगमेहनतीचं काम तुम्ही स्वतः करता का, का ट्रॅक्टर, मोटरसायकल आणि मजूर आलेत? वाईट वाटून घेऊ नका, पण उन्हात उभं राहून कामावर लक्ष ठेवणं आणि कोळपणी करणं यात शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे. औषध सुरू करा, चालढकल करू नका.

प्रश्न : आमची सून इंग्लंडमधे लीड्सला असते, पाचवा महिना चालू आहे. तिथे ऊन नाही, आणि तिच्या वाचनात आलं की डी कमी असेल तर बाळाला लहानपणीच इन्सुलिनवाला डायबेटिस होऊ शकतो. ती फार घाबरलीय. आम्ही इथून ६०,००० ची पाकिटं पाठवावी का?

उत्तर : पाकिटं पाठवू नका काकू, कोल्हापूरचं पत्र तिला वाचून दाखवा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला रोज १० मायक्रोग्रॅमचा आहे, म्हणजे ४०० युनिट, गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना पण. सावळ्या कातडीच्या लोकांना त्यांनी बाराही महिने घ्यायला सांगितलंय, कारण तिथे ऑक्टोबरपासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत उन्हातून डी मिळतच नाही. तिच्या मिडवाइफला विचारून तेवढी गोळी रोज घ्यायची. बाळ झाल्यावर अंगावर पीत असेल तर त्यालाही थेंब द्यायचे असतात, ते तिथे सांगतीलच.

तिने जे वाचलं ते बहुतेक फिनलंडचं असणार. तिथे उत्तर भागात १९६६ मधे जन्मलेल्या दहा हजारांवर मुलांना ३१ वर्षांची होईपर्यंत बघितलं, आणि ज्यांना तान्हेपणी नियमित डी दिलं होतं, त्याकाळी रोज २००० युनिट द्यायचे, त्यांना टाइप वन, म्हणजे तोच इन्सुलिनवाला डायबेटिस, बराच कमी झाला. २००१ मधे हे छापून आलं आणि खूप गाजलं. पण त्यात कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, शिवाय एकूण दहा हजारांत डायबेटिस झाला तो ८१ जणांना. आणि दुसऱ्या बाजूला इटलीचं सार्डिनिया बेट, तिथे भरपूर ऊन असतं, तरी टाइप वनचं प्रमाण फिनलंडच्या खालोखाल. म्हणजे ऊन हे त्यातलं एक बारीकसं कारण असलं तर असेल. घाबरण्यासारखं काही नाही असं तिला माझ्यातर्फे सांगा. तिने लक्ष द्यायचं ते गरोदरपणातल्या शुगरकडे. आपल्या लोकांना तो धोका जास्त आहे म्हणून तिथे २४ ते २८ आठवड्यांच्या मधे ग्लुकोज पिऊन टेस्ट करायला बोलावतात, ती चुकवायची नाही.

प्रश्न : खाण्यातून डी मिळतं का? आम्ही शाकाहारी.

उत्तर : फार थोडं. मासे खाणाऱ्यांना बांगडा, तारली, पेडवे यातून बरंच मिळतं, अंड्याच्या बलकात थोडं असतं. शाकाहारात उन्हात ठेवलेले मश्रूम, आणि डी घातलेलं दूध किंवा तेल, ज्याच्या पिशवीवर अधिकचं चिन्ह आणि इंग्रजी एफ अक्षर असतं ते. तूप-लोण्यातून मिळेल म्हणून ते वाढवू नका, डी चिमूटभर मिळेल आणि वजन मूठभर वाढेल. तुमचं ऊन कमी असेल तर डॉक्टरांना विचारून छोटी गोळी हाच सरळ मार्ग.

प्रश्न : दर तीन महिन्यांनी लॅबवाल्यांचा फोन येतो, फुल बॉडी पॅकेजमधे डी ची टेस्ट फ्री म्हणून. करत राहावी का? मी ६३, तब्येत चांगली आहे, शुगर नॉर्मल.

उत्तर : नको. २०२४ मधे अमेरिकेतल्या हार्मोनच्या तज्ज्ञांच्या संघटनेने जो सल्ला दिला त्यात चांगल्या तब्येतीच्या माणसांची डी टेस्ट सरसकट करू नका असंच सुचवलंय. प्रीडायबेटिस असेल तर टेस्ट न करताही डी देता येईल असं त्यांचं म्हणणं आहे, चालण्या-खाण्याच्या जोडीला, त्याच्या ऐवजी नाही. टेस्ट कुणी करावी, तर ज्यांची हाडं दुखतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही, हाड ठिसूळ झालंय, किडनीचा किंवा अन्न न पचण्याचा आजार आहे, फिटच्या गोळ्या चालू आहेत अशांनी. तुम्ही वर्षातून एकदा शुगर, ब्लडप्रेशर आणि कंबर बघा.

प्रश्न : हाय डॉक्टर, मी पुण्याला हिंजवडीत आयटीत आहे, वय ३४, एचबीएवनसी ५.८. तुमचं मागच्या महिन्यातलं वाचून मी आणि टीममधल्या दोघीजणी लंचनंतर, सव्वाएक ते पावणेदोन, कॅम्पसला चकरा मारायला लागलोय. जेवून लगेच चालू नये असं आई म्हणते, आणि एक मैत्रीण म्हणते उन्हाने काळी पडशील. चालू ठेवू का?

उत्तर : अगं चालू ठेव, अगदी चालू ठेव! जेवल्यावर शुगर जेव्हा वर चढायला लागते नेमक्या त्याच वेळी पायाचे मोठे स्नायू ती ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरचं चालणं शुगरसाठी फार कामाचं. आईचं म्हणणं धावण्याला लागू आहे, रमतगमत सुरुवात करून मग वेग वाढवला तर काही होत नाही. आणि सव्वाएक ही वेळ सावलीच्या हिशोबाने पुण्यात बाराही महिने चालते, डिसेंबरात सुद्धा. चेहऱ्याला सनस्क्रीन लाव आणि बाह्या वर कर, हातांना मिळालेलं ऊन पुरे. मार्च ते मे मधे मात्र दुपारी सावलीतून किंवा आतल्या कॉरिडॉरमधून चाला आणि ऊन सकाळी दहाच्या सुमाराला कंपनीत येताना घ्या, बस एक स्टॉप आधी सोडून. जेवणात डब्यातला भात तेवढा निम्मा कर. तीन महिन्यांनी तिघींचे रिपोर्ट आले की मला नक्की कळवा, मी वाट बघतेय.